हळदोण्याचा सूर

लग्नसराईच्या दिवसांत आपल्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवरून एखादी वरात पैठण गेटकडे निघते. पुढे नाचणारी मुले, मागे घोड्यावर नवरदेव आणि मध्ये लाल डगले घातलेले बँडवाले. त्यांतला एक जण गाल फुगवून, डोळे मिटून पितळी ट्रंपेट वाजवीत असतो. 'अलबेला' या जुन्या चित्रपटातील एखादी चाल त्याने धरली, की आजोबा आणि नातू या दोघांचेही पाय आपोआप ठेका धरतात.

मुलांनो, ही चाल कोणाची असे विचारले, तर जाणते लोक चटकन सांगतील, 'संगीतकार सी. रामचंद्र यांची.' पण मूळ गाण्यात ट्रंपेट कोणी वाजवला होता, असे विचारून पाहा. बहुतेक जण गप्प राहतील. ज्या वादकाच्या सुरावर तीन पिढ्या नाचल्या, त्याचे नाव मात्र लोकांच्या ओठांवर नाही, असे का झाले? त्याचीच ही हकीगत आहे. ती सुरू होते गोमंतकातील हळदोणे या गावी.

हळदोणे हे बार्देश तालुक्यातील एक हिरवेगार गाव. तेथे १९१६ साली अँतोनिओ झेवियर वाझ यांचा जन्म झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. ते पुढे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत टिकले. गोव्यातील गावोगावच्या ख्रिस्ती देवळांना लागून लहान पाठशाळा असत. देवळात प्रार्थनागीते गाण्यासाठी आणि सणासुदीला वाद्ये वाजवण्यासाठी या पाठशाळांतून मुलांना संगीत शिकवीत. तेथील शिक्षणाची रीत आपल्या रीतीहून निराळी होती. आपल्याकडे शिष्य गुरूपुढे बसतो आणि गुरूच्या मुखातून येणारे स्वर कानांत साठवतो. गोव्यातील पाठशाळेत मूल आधी स्वर वाचावयास शिके. पाच आडव्या रेघा, त्यांवर आणि त्यांच्या मधल्या जागांत बसलेले काळे-पांढरे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वर आणि त्याच्या आकारावरून तो किती काळ टिकवायचा हे कळे. आपण 'सा रे ग म' म्हणतो, तसे तेथील मूल 'दो रे मी फा' म्हणे. पुस्तकातील धडा वाचावा तसे ते संगीत वाचू लागे आणि मग त्याच्या हाती व्हायोलिन किंवा दुसरे एखादे वाद्य येई.

ही विद्या पोटापाण्याच्याही उपयोगी पडे. गावात जमीन थोडी आणि माणसे फार. त्यामुळे गोमंतकीय तरुण मुंबई, कलकत्ता, रंगून अशा दूरदूरच्या शहरांत वादक म्हणून जात. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या गावांच्या नावाने चालणारी वसतिस्थाने होती. त्यांना 'कूड' म्हणत. खिशात थोडे पैसे आणि बगलेत वाद्याची पेटी घेऊन आलेल्या तरुणाला आपल्या गावच्या कुडात पाठ टेकण्यापुरती जागा मिळे.

परंतु वादकाचे जिणे बेभरवशाचे. आज काम आहे, उद्या नाही. म्हणून अँतोनिओच्या आईला वाटे, की मुलाने यंत्रकाम शिकावे आणि चार पैसे खात्रीने मिळवावेत. आईचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण मुलाचा जीव ट्रंपेटवर जडला होता. त्याने वादकाचाच मार्ग धरला.

ट्रंपेट हे वाद्य आपल्या तुतारीच्याच कुळातले. दोन्हींत फुंकणाऱ्याच्या ओठांचे कंपन नळीतील हवेला बोलते करते. तुतारी ही एक साधी वाकवलेली नळी असते. म्हणून तिच्यातून मोजकेच स्वर निघतात. ट्रंपेटला तीन कळा असतात. कळ दाबली, की हवेला नळीच्या अधिक लांब वाटेने जावे लागते आणि स्वर खाली उतरतो. तीन कळांची उलटसुलट जुळणी आणि ओठांचा कमीअधिक ताण यांतून सर्व स्वर मिळतात. हे ऐकावयास सोपे वाटते, पण वाजविणाऱ्याचे ओठ सुजतात आणि छाती भरून येते. रोजचा सराव चुकला, तर वाद्य लगेच चुगली करते.

अँतोनिओच्या तरुणपणी जगभर एका नव्या संगीताची लाट आली होती. त्या संगीताचे नाव जॅझ. त्याचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लीन्स या बंदरात झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ज्यांना जबरदस्तीने आणले होते, त्यांच्या वंशजांनी ते घडविले. त्यात कॅरिबियन समुद्रातील बेटांचाही वाटा होता. हैती बेटावरील गुलामांनी बंड करून स्वातंत्र्य मिळवले. त्या धामधुमीत देशोधडीला लागलेली हजारो माणसे क्यूबामार्गे १८०९ च्या सुमारास न्यू ऑर्लीन्सला येऊन राहिली. त्यांत गोरे होते, मुक्त कृष्णवर्णीय होते आणि गुलामही होते. त्यांच्यासोबत बेटांवरचे ताल आणि नाच आले. अशा अनेक प्रवाहांच्या संगमातून पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जॅझ आकारास आले. या संगीताचा एक विशेष असा, की ठरलेली चाल वाजवून झाल्यावर वादक तिच्यावर तेथल्या तेथे आपल्या मनाची नक्षी काढतो. आपले गवई बंदिश मांडून मग आपली उपज करतात ना, तसाच काहीसा हा प्रकार.

या संगीतातील सर्वांत मोठे ट्रंपेटवादक म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. १९०१ साली न्यू ऑर्लीन्समध्ये अतिशय गरीब घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणी काही काळ त्यांना मुलांच्या सुधारगृहात राहावे लागले. तेथील बँडमध्ये वाजवता वाजवता त्यांची कला फुलली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका जहाजांतून जगभर पोहोचल्या. त्या मुंबईलाही आल्या आणि गोमंतकीय तरुण त्या झिजेपर्यंत ऐकू लागले.

ध्वनिमुद्रिकांच्या मागोमाग माणसेही आली. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. पुढे टेडी वेदरफर्ड नावाचे पियानोवादकही तेथे वाजवू लागले. वेदरफर्ड यांच्या बोटांत विलक्षण ताकद होती. त्यांच्या मायदेशी काळ्या माणसाला अनेक हॉटेलांत पाहुणा म्हणून पाऊलही ठेवता येत नसे. येथे ते मानाच्या हॉटेलात वाद्यवृंदाचे नायक झाले. आशियातच त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली आणि १९४५ साली कलकत्त्यास पटकीच्या साथीत त्यांचा अंत झाला. अशा वादकांच्या सहवासात मुंबईतील गोमंतकीय वादकांना जॅझचे मर्म कळले. कागदावर न लिहिलेले कसे वाजवावे, हे त्यांनी या परदेशी कलावंतांकडून उचलले.

आता अँतोनिओ वाझ यांनी 'चिक चॉकलेट' असे रंगमंचावरचे नाव घेतले होते. या गमतीदार नावानेच लोक त्यांना ओळखू लागले. १९४५ च्या सुमारास ते स्वतःच्या अकरा जणांच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व करीत होते. पुढे ताजमहाल हॉटेलातही त्यांचा ट्रंपेट गाजला. आर्मस्ट्राँग यांची धाटणी त्यांनी इतकी आत्मसात केली होती, की लोक त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणू लागले. ही मोठीच स्तुती होती. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते, की ही स्तुती दुसऱ्याच्या नावाची होती. हळदोण्याच्या मुलाचा स्वतःचा सूर कोणता, हा प्रश्न शिल्लकच होता. त्याचे उत्तर मिळण्यास आणखी एका माणसाची गाठ पडावी लागली.

पैठणच्या वरच्या अंगास, गोदावरीच्याच काठी पुणतांबे हे गाव आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे ते आपल्याला ठाऊक आहे. त्या गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. हेच पुढचे सी. रामचंद्र. त्यांनी विनायकबुवा पटवर्धन यांच्यासारख्या थोर गुरूकडे शास्त्रीय गायनाचे धडे घेतले. चित्रपटांच्या दुनियेत ते आले ते नट होण्यासाठी. पण तेथे त्यांचा जम बसला नाही. मग सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोन या संस्थेत ते हार्मोनियम वाजवू लागले. भगवान नावाच्या एका मराठी दिग्दर्शकाशी त्यांची मैत्री जमली आणि त्याच्याच 'सुखी जीवन' (१९४२) या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. रामचंद्रांना चाली अशा सुचत, जशी पावसाळ्यात गोदावरी भरून येते. नव्याचे त्यांना भय नव्हते. पाश्चात्त्य नाचाचे ताल त्यांना फार आवडत.

पण आवडणे निराळे आणि ते पन्नास वादकांकडून वाजवून घेणे निराळे. आपल्या संगीतात चाल ही एका धाग्यासारखी असते. स्वरामागून स्वर येतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात एकाच क्षणी अनेक वाद्ये निरनिराळे स्वर वाजवतात आणि तरी ते एकमेकांशी जुळतात. असे पुष्कळ धाग्यांचे वस्त्र विणायचे, तर प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाट्याचे स्वर लिहिलेला कागद हवा. संगीतकार हार्मोनियमवर चाल गाऊन दाखवी. मग ती पाच रेघांवर उतरवायची, व्हायोलिनांनी काय वाजवावे, ट्रंपेटने कोठे शिरावे, कोठे थांबावे हे ठरवायचे आणि प्रत्येकाचा कागद तयार करायचा, हे काम मुख्यतः गोमंतकीय वादक करीत. त्या काळी गायक आणि सारे वादक एकाच वेळी एकत्र गाऊन-वाजवून गाणे मुद्रित करीत. एकाचा एक स्वर चुकला, की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अशा वेळी कागद वाचून अचूक वाजविणारा वादक म्हणजे मोठाच आधार. देवळाजवळच्या लहान पाठशाळेत गिरवलेले धडे मुंबईच्या स्टुडिओत असे कामास आले.

याच सुमारास मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांतील नाचाच्या मैफली रोडावल्या. वादकांचे उत्पन्न घटले. चित्रपटांकडे मात्र गाण्यांची रेलचेल होती. अनेक गोमंतकीय वादक स्टुडिओची वाट चालू लागले. चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. एकाजवळ चालींचे भांडार होते आणि दुसऱ्याजवळ त्या चालींना नवा साज चढविण्याची विद्या होती. एक पुणतांब्याचा, दुसरा हळदोण्याचा. एकाने स्वर कानांनी शिकलेले, दुसऱ्याने डोळ्यांनी. दोघांच्या मिलाफातून असे काही निर्माण झाले, की जे त्यांपैकी एकट्याला साधले नसते.

१९५० साली 'समाधी' हा चित्रपट आला. त्याची कथा आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवर गुंफलेली होती. त्यातील एक नाचरे गाणे घरोघरी पोहोचले. त्याची चाल १९४५ च्या एका अमेरिकन चित्रपटातील गाण्यावरून घेतलेली होती आणि त्या मूळ गाण्यातही कॅरिबियन बेटांकडच्या नाचाचा ठेका होता. मूळ चाल जिमी मॅकह्यू नावाच्या संगीतकाराची. हे नावही आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. कलेत देवघेव होतच असते आणि तिच्यातून कला वाढते. मात्र घेतलेल्याचा उल्लेख करावा, हे घेणाऱ्याच्या मोठेपणाला शोभून दिसते.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, 'अलबेला' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आणि नायक तेच भगवान. त्यांचे पूर्ण नाव भगवान आभाजी पालव. ते गिरणी कामगाराचे पुत्र. नायिका होत्या गीता बाली. भगवान यांच्यासाठी पार्श्वगायन स्वतः सी. रामचंद्र यांनी 'चितळकर' या नावाने केले आणि त्यांच्या जोडीला लता मंगेशकर यांचा स्वर होता. गाण्यांनी देश नादावून गेला. या चित्रपटात एक गोष्ट अपूर्व घडली. गाणे मुद्रित झाले, की वादकांचे काम संपे. पडद्यावर ते कधी दिसत नसत. पण 'अलबेला'त चिक चॉकलेट आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष पडद्यावर आले. अंगात क्यूबा बेटातील पद्धतीचे झालरीचे सदरे, हातांत वाद्ये. एरवी स्टुडिओच्या बंद दाराआड वाजविणाऱ्या माणसांचे चेहरे त्या दिवशी देशाने पाहिले.

येथे चिक चॉकलेट यांचा स्वतःचा सूर प्रकट झाला. हा आर्मस्ट्राँग यांचा नुसता प्रतिध्वनी नव्हता. आर्मस्ट्राँग यांच्यापासून घेतलेला झणझणीत बाज त्यात होता, पाठशाळेतील शिस्त होती आणि हिंदुस्थानी चालीशी गोड बोलण्याची कलाही होती. गायकाची ओळ संपताच त्यांचा ट्रंपेट तिला उत्तर देई, जणू दोन मित्र एकमेकांची थट्टा करीत आहेत. गाणे गुणगुणताना आपण शब्दांबरोबर हे उत्तरही गुणगुणतो. मग ते गाण्याहून वेगळे कसे काढावे?

तरीही त्या काळच्या तबकड्यांवर चित्रपटाचे, गायकाचे आणि संगीतकाराचे नाव छापीत. वादकाचे नाव छापण्याची रीत नव्हती. त्या दिवशी पन्नास जणांनी वाजविले, हे तबकडी विकत घेणाऱ्याला कधी कळत नसे. हा कोणा एकाचा दोष नव्हता. तशी प्रथाच पडली होती. पण प्रथेमुळे झालेला विसरही विसरच असतो.

चिक चॉकलेट यांनी 'नादान' (१९५१) आणि 'रंगीली' (१९५२) या चित्रपटांना स्वतंत्रपणे संगीतही दिले. 'नादान'मध्ये तलत महमूद यांनी त्यांच्याकडे गायन केले. संगीतकार म्हणून ते फार पुढे गेले नाहीत, परंतु ट्रंपेट त्यांनी कधी सोडला नाही. १९६६ साली आलेल्या 'आखरी खत' या चित्रपटात संगीतकार खय्याम यांच्या एका गाण्यात ते पुन्हा एकदा पडद्यावर ट्रंपेट वाजवताना दिसतात. दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सी. रामचंद्र हे त्यांच्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८२ च्या जानेवारीत निवर्तले.

मुलांनो, देवळाचा कळस लांबून दिसतो. म्हणून आपण कळसाला हात जोडतो. पण कळस ज्या दगडांवर उभा असतो, ते दगडही कोणीतरी घडविलेलेच असतात. शेतातून ताटापर्यंत येणारी भाकरी, आपण वाचतो ते पुस्तक, चालतो तो रस्ता या प्रत्येकामागे असे अनेक हात असतात. सर्वांची नावे आपल्याला कळणार नाहीत. पण विचारावे असे आपल्याला वाटते की नाही, यावरून आपले मन ओळखू येते.

आता पुन्हा गुलमंडीवरच्या वरातीकडे येऊ. नाच संपतो. मंडळी जेवणाकडे वळतात. बँडवाला ट्रंपेट उलटा धरून त्यातील पाणी झटकतो आणि मानेवरचा घाम पुसत कडेला उभा राहतो. हळदोण्याहून निघालेला तो सूर आज त्याच्या ओठांवर येऊन पोहोचला आहे. त्याला कोणी काही विचारीत नाही. पुढच्या वेळी तुम्ही त्याच्याजवळ जा. त्याला आधी पेलाभर पाणी द्या आणि मग विचारा, 'काका, आपले नाव काय?'

स्वाध्याय

१. गोव्यातील पाठशाळेत संगीत शिकण्याची रीत आणि आपल्याकडील रीत यांत कोणता फरक होता?

२. तुतारीतून मोजकेच स्वर निघतात, पण ट्रंपेटमधून सर्व स्वर निघतात. याचे कारण सांगा.

३. 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' ही स्तुती दुसऱ्याच्या नावाची होती, असे लेखक का म्हणतात?

४. सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट यांना एकमेकांची गरज का भासली, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

५. 'प्रथेमुळे झालेला विसरही विसरच असतो.' या वाक्याचा अर्थ एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : जम बसणे, चुगली करणे, साज चढविणे, देशोधडीला लागणे.

७. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा गल्लीतील एखाद्या वादकाला भेटा. ते कोणाकडे शिकले, रोज किती सराव करतात, हे विचारून त्यांची माहिती त्यांच्या संमतीने आपल्या वहीत लिहा.